कॉलेजातले चाळीस टचडाऊन्स मी शेवटी मोजतो

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा डॅलसला शिकतो. त्याचा लाडका कॉलेज क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) यंदा पहिल्यांदाच मुख्य खेळाडू म्हणून उतरला आणि चाळीस टचडाऊन्स, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण, मारून मोकळा झाला. आता तो एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, गाजवणारच, असं मुलाचं ठाम म्हणणं. हे आधी ओळखता येतं का? आणि येत असेल, तर एवढे पगारी जाणकार दरवर्षी तोंडघशी कसे पडतात?

मी एमएस करायला ओहायोत आलो तेव्हा मला हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेली चेंगराचेंगरी वाटायची. नंतर नाद लागला. गेली चौदा वर्षं एका हायस्कूल संघात क्वार्टरबॅकच्या पोरांना शिकवतो, आणि हिवाळ्यात कॉलेज सामन्यांची टेप बघून एकेक पास नोंदवण्याचं काम करतो. चेंडू कुठे गेला, आधी कुणाकडे पाहिलं, पाय कसे होते, अंगावर कोण येत होतं, हे सगळं. टेप टीव्हीवरची नव्हे. वरून घेतलेली, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी.

तर आधी मुलाच्या बाजूचं बोलतो. चाळीस टचडाऊन्स गंमत नाही. पण ते कुणाचे, हा प्रश्न उरतो. ह्यूस्टन विद्यापीठाच्या डेव्हिड क्लिंगलरनं १९९० च्या हंगामात ५४ टचडाऊन पास टाकले, त्यातले ११ एकाच सामन्यात. १९९२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ आळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात त्यात, सिनसिनाटीनं त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं आणि काही वर्षांत प्रकरण मिटलं. टेक्सस टेकच्या बी. जे. सिमन्सनं २००३ मध्ये ५,८३३ यार्डांचे पास टाकले. इतके यार्ड तोवर कॉलेजच्या एका हंगामात कुणी काढले नव्हते. ड्राफ्टमध्ये तो सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत गेला आणि एनएफएलच्या एकाही नियमित सामन्यात उतरला नाही. दोघंही ज्या पद्धतीत खेळायचे तिच्यात चार-पाच रिसीव्हर (पास झेलणारे) मैदानभर पसरवायचे आणि फेकतच राहायचं. त्या पद्धतीत पुढच्या वर्षीचा पोरगाही तेवढेच आकडे काढतो. त्यामुळे जाणकारांनी एक सोपा नियम करून टाकला: टेक्सस टेकचा क्वार्टरबॅक म्हटला की नाक मुरडायचं.

मग २०१७ साली त्याच टेक्सस टेकमधून पॅट्रिक महोम्स आला. तो पुढे एनएफएलचा सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक झाला आणि नाक मुरडणारे तोंडघशी पडले.

महोम्सचा एक सामना मी नव्या पोरांना दरवर्षी दाखवतो. ऑक्टोबर २०१६, ओक्लाहोमाविरुद्ध. त्यानं ७३४ यार्ड फेकले आणि संघ ५९-६६ असा हरला. त्या हंगामात संघ १२ पैकी ७ सामने हरला होता. आकडा बघणारा म्हणेल, पद्धतीची कमाल. निकाल बघणारा म्हणेल, हा जिंकून देत नाही. टेप बघणाऱ्याला दिसतं ते निराळंच: ठरलेला डाव मोडल्यावर हा माणूस काय करतो. पद्धतीनं दिलेले पास बाजूला काढले तरी त्याच्याकडे ढीगभर उरतं. सिमन्सकडे तेवढं उरत नव्हतं.

माझं सगळं काम या 'उरण्या'वर चालतं.

हे नीट कळण्यासाठी कॉलेज आणि एनएफएल हे दोन खेळ किती वेगळे आहेत ते बघावं लागेल. मैदान तेच, चेंडू जवळजवळ तोच. पण मैदानावर मधोमध ज्या दोन तुटक रेघा असतात, ज्यांच्या आतूनच प्रत्येक डाव सुरू होतो, त्यांच्यातलं अंतर कॉलेजात ४० फूट आहे आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात चेंडू बऱ्याचदा एका कडेला असतो आणि दुसरी बाजू अख्खी मोकळी पडलेली असते. हुशार कोच त्या मोकळ्या रानात आपला सगळ्यात वेगवान पोरगा सोडतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मध्यावर असतो, त्यामुळे बचाव फळीला दोन्ही बाजू राखता येतात.

दुसरा फरक बारीक आहे, पण माझ्या मते सर्वांत घातक. पास जाण्याआधी लाइनमननं, म्हणजे क्वार्टरबॅकला पुढून राखणाऱ्यानं, किती पुढे जायचं याला मर्यादा असते. कॉलेजात तीन यार्ड, एनएफएलमध्ये एक. दोन यार्डांनी काय होतं? कॉलेजात लाइनमन बिनधास्त पुढे धावतात, समोरचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या ओळीतला) समजतो की चेंडू घेऊन पळणार, तो पुढे येतो, आणि त्याच्या पाठीमागे रिसीव्हर एकटा उभा. क्वार्टरबॅकनं फक्त त्या एका माणसाकडे बघायचं: तो पुढे आला तर फेक, नाही आला तर चेंडू पळणाऱ्याच्या हातात दे. असे डाव तुम्ही कॉलेजच्या सामन्यात डझनांनी बघाल. एनएफएलमध्येही आहेत, पण तिथे त्या फसवणुकीचं आयुष्य पापणी लवण्याइतकं.

तिसरं म्हणजे बोलणं. कॉलेजात वर्षानुवर्षं क्वार्टरबॅक मैदानाच्या कडेला बघायचा, तिथे कोणीतरी चित्रांचे फलक नाचवायचं, आणि डाव ठरायचा. बचाव बदलला की पुन्हा कडेला बघायचं, कोच नवा डाव देणार. हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकू येण्याची सोय एनएफएलमध्ये १९९४ पासून आहे, कॉलेजच्या वरच्या श्रेणीत ती २०२४ मध्ये आली. पण एनएफएलमध्ये घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. त्याआधी वीसेक शब्दांचा डाव श्लोकासारखा न अडखळता दहा दमलेल्या माणसांना ऐकवायचा असतो. माझ्याकडून कॉलेजात गेलेला एक पोरगा, गुणी, तिथे तीन वर्षं खेळला. एका व्यावसायिक संघाच्या सरावाला गेला आणि परत येऊन म्हणाला, 'सर, हात कधी थकला नाही, जीभ थकली.'

आणि शेवटी माणसं. कॉलेजच्या वरच्या श्रेणीत १३० हून जास्त संघ. एनएफएलमध्ये ३२ संघ आणि प्रत्येकी ५३ जण, म्हणजे सगळे मिळून १,६९६. कॉलेजात 'मोकळा' रिसीव्हर म्हणजे त्याच्या आजूबाजूला पाच पावलं कोणी नाही. एनएफएलमध्ये अर्धं पाऊल पुढे असला तरी तो मोकळा. आणि हे अर्धं पाऊल दिसायच्या आधीच चेंडू हातातून सुटावा लागतो.

आता मी काय करतो ते सांगतो. पोराचा अख्खा हंगाम घेतो आणि चाळणी लावतो. डाव जिथून सुरू होतो त्या रेघेच्या मागेच दिलेले पास काढून टाकतो. एकाच माणसाकडे बघून, ठरल्या जागी, कोणी अंगावर नसताना टाकलेले काढतो. सामना पंचवीस गुणांनी जिंकून झाल्यावरचे काढतो. चारशे पासांच्या हंगामातून साधारण साठ-सत्तर उरतात. तिसरा डाऊन (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून आठ यार्ड काढायचे आहेत, समोरच्याला माहीत आहे की पासच येणार, पहिला रिसीव्हर झाकलेला, डावीकडून कोणीतरी सुटून अंगावर येतंय. असे हे पास. एनएफएलमध्ये रविवारी सामना जिंकायचा की हरायचा ते इथेच ठरतं.

त्या साठ-सत्तरांत मी हाताकडे बघतच नाही. पायांकडे बघतो. घाबरलेल्या क्वार्टरबॅकचे पाय आधी बोलतात. नजर खाली, समोरच्या लाइनकडे गेली की पाय टाचांवर येतात, मग तो मागे मागे सरकतो आणि सॅक होतो, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा पाडला जातो. चांगला क्वार्टरबॅक अर्धं पाऊल पुढे किंवा बाजूला घेतो आणि नजर लांबच ठेवतो. सॅक लाइनमुळे होतात असं लोक समजतात. अर्धं खरं आहे. पण दबाव आल्यावर त्यातले किती सॅकमध्ये बदलतात, ही सवय बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकची असते आणि ती त्याच्याबरोबर संघ बदलून जाते. कॉलेजात चेंडू कवटाळून बसणारा पोरगा एनएफएलमध्ये जाऊन तो पटकन सोडायला लागला, असं मी फार कमी पाहिलंय.

दुसऱ्या-तिसऱ्या माणसापर्यंत नजर पोचते का, हे बघायला क्वार्टरबॅक जो बरो याचं कॉलेजातलं २०१९ चं वर्ष उत्तम. आदल्या वर्षी त्याचे पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५७.८ टक्के होतं. तेव्हा त्याला पहिल्या फेरीत कोणी धरत नव्हतं. मग न्यू ऑर्लिन्सच्या एनएफएल संघातून आलेल्या एका तरुण कोचनं त्याच्या एलएसयूचं (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं) आक्रमण बदललं. पाच-पाच रिसीव्हर बाहेर, पाठीशी कोणी नाही, ज्याचं त्यानं वाचायचं. बरो ७६.३ टक्के आणि ६० टचडाऊन्सवर गेला. जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे दोन अव्वल रिसीव्हरही त्याच संघात होते, हे खरं. तरी माझ्या चाळणीतून त्याचे पास गळाले नाहीत. त्या वर्षी चर्चा मात्र कशाची? त्याचा पंजा फक्त ९ इंचांचा भरला याची. त्यानं स्वतःच थट्टा केली होती की, आता निवृत्तीचा विचार करतोय.

पंजा, उंची, दंडाची ताकद. यावर मी वेळ घालवत नाही, तुम्हीही घालवू नका. अमुक एका मर्यादेखाली हात दुबळा असेल तर खेळ संपला, पण त्या मर्यादेच्या वर ताकदीचा फारसा भाव नाही. जॅमार्कस रसेलच्या हातात तोफ होती. २००७ मध्ये रेडर्स संघानं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि २०१० मध्ये काढून टाकलं. ड्रू ब्रीस सहा फुटांचा, दुसऱ्या फेरीतला. टॉम ब्रेडी १९९ वा. दोघंही दिग्गज ठरले. बुद्धीच्या चाचण्यांचं म्हणाल तर बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची जी प्रसिद्ध परीक्षा होती, ती २०२२ पासून इंडियानापोलिसच्या निवड-शिबिरात घेणंच बंद झालं. २०२३ मध्ये दुसऱ्या एका नव्या चाचणीत क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडला फार कमी गुण पडल्याची बातमी फुटली. त्या हंगामात त्याचे ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन्स आणि फक्त ५ इंटरसेप्शन्स (समोरच्यांनी मध्येच पळवलेले पास) झाले. मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठातच जे प्रदर्शन भरवतात, त्यात चड्डी घालून, समोर कोणी नसताना साठ यार्ड फेकतात. ते बघायला मला आवडतं. शोभेची दारू म्हणून.

सामन्यांची संख्या मात्र मी पहिल्यांदा बघतो. एका जुन्या नामांकित कोचचा, बिल पार्सेल्स यांचा, ठोकताळा होता की क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाचा, पदवीधर आणि तीन वर्षं मुख्य म्हणून खेळलेला असावा. लोक हसायचे. पण मिचेल ट्रुबिस्की कॉलेजात मुख्य म्हणून १३ सामने खेळला होता, अँथनी रिचर्डसन १३, मार्क सांचेझ १६. एनएफएलमध्ये तिघांचीही मुख्य क्वार्टरबॅकची जागा गेली. सांचेझनं २००९ मध्ये ड्राफ्टला जायचं ठरवलं तेव्हा त्याचे कोच पीट कॅरल यांनी त्याच्याच पत्रकार परिषदेत, त्याच्या तोंडावर, हा निर्णय चुकीचा असल्याचं सुचवलं होतं. कॅम न्यूटन हा अपवाद आहे, तोही एकाच मोठ्या हंगामावर आला. पण अपवाद दाखवून पैज लावणारे मित्र मला फार आवडतात, चहा नेहमी त्यांच्याकडून असतो.

थोडे सामने का वाईट? कारण पहिल्या वर्षी समोरच्यांकडे या पोराची टेप नसते. दुसऱ्या वर्षी असते. त्याला डावीकडे सरकणं जमत नाही हे त्यांना कळलेलं असतं, आणि मग तो ते दुरुस्त करतो की नाही हे आपल्याला कळतं. एकाच हंगामाच्या खेळाडूचं हे दुसरं वर्ष एनएफएलमध्ये घडतं, कोट्यवधी डॉलरच्या खर्चानं.

इथवर वाचून वाटेल की माझी चाळणी बिनचूक आहे. नाही. २०१८ मध्ये वायोमिंगच्या जॉश ॲलनबद्दल माझ्या वहीत मी 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. कॉलेजात ५६.२ टक्के. सोपे पास चुकवायचा, सरळ चुकवायचा. माझा विश्वास होता, आजही बऱ्यापैकी आहे, की अचूकपणा शिकवता येत नाही. एनएफएलमध्ये त्याचं पहिलं वर्ष ५२.८ टक्के. मी खुशीत. दुसरं ५८.८. तिसरं, २०२०, ६९.२. मी वही कपाटात ठेवली. २०२४ च्या हंगामाचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माझं काय चुकलं? दोन गोष्टी. एक म्हणजे त्याचे चुकलेले पास मी हाताचा दोष समजलो, ते पायांचे होते, आणि पाय शिकवता येतात. पायांकडे बघतो अशी बढाई मारणाऱ्या माणसाची ही चूक. दुसरी म्हणजे मी फक्त पोराकडे बघत होतो. त्याला घेणाऱ्या बफलो संघानं त्याला तीन वर्षं एकच आक्रमण-प्रशिक्षक दिला, लाइन सुधारली, आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. (गंमत म्हणजे २०१७ मध्ये याच बफलोनं ड्राफ्टमधला आपला दहावा क्रमांक कॅन्सस सिटीला विकला होता. त्यावर गेला महोम्स.)

म्हणून आता वहीत प्रत्येक नावासमोर मी दोन रकाने ठेवतो. पोरगा, आणि घर. हुंड्यासकट चांगली मुलगी वाईट घरात पडावी तसं इथे सर्रास होतं, कारण ड्राफ्टमध्ये आधीचा नंबर आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला मिळतो. सगळ्यात गुणी पोर सगळ्यात मोडक्या घरात जातं, आणि हे नियमानंच. डेव्हिड कार २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर नव्याकोऱ्या ह्यूस्टन टेक्सन्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात ७६ वेळा आडवा झाला. आजही तो विक्रम आहे. ॲलेक्स स्मिथ २००५ चा पहिला. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या पाच वर्षांत त्याला पाच वेगवेगळे आक्रमण-प्रशिक्षक मिळाले. दरवर्षी नवी भाषा, नवे श्लोक. सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं. २०११ मध्ये जिम हारबॉ कोच म्हणून आला आणि त्याच स्मिथनं १३ सामने जिंकले. पुढे कॅन्सस सिटीत महोम्स वर्षभर ज्याच्या मागे बसून शिकला, तो हाच ॲलेक्स स्मिथ.

सॅम डार्नल्डचं तर मला वाईटच वाटायचं. २०१८ च्या ड्राफ्टचा तिसरा. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडविरुद्ध ०-३३ हरताना त्याच्या अंगावर लावलेल्या माइकवर त्याचं वाक्य देशभर ऐकू गेलं: 'मला भुतं दिसतायत.' लोकांनी मीम्स केले. मला त्यात थट्टा दिसली नाही. ज्या क्वार्टरबॅकला नसलेले बचावपटू दिसतात त्याला कोणीतरी असलेल्यांकडून भरपूर मार खायला लावलेला असतो. तोच डार्नल्ड २०२४ मध्ये मिनेसोटाकडून ३५ टचडाऊन्स टाकून १४ सामने जिंकला.

घर आणि पोरगा हे दोन्ही रकाने एकाच ठिकाणी बघायचे असतील तर सॅन फ्रान्सिस्कोचीच पुढची गोष्ट. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जायला त्यांनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या आणि ट्रे लान्स घेतला. नॉर्थ डकोटा स्टेटचा, खालच्या श्रेणीतला. २०१९ मध्ये त्याचे २८ टचडाऊन्स आणि शून्य इंटरसेप्शन. शून्य! करोनामुळे २०२० मध्ये तो एकच सामना खेळला. कॉलेजात एकूण सव्वातीनशेच्या आत पास. पुढच्या वर्षी त्याच संघानं अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला. हात साधा, उंची साधी, पण कॉलेजात चार वर्षं आणि चौदाशेहून जास्त पास. लान्सचा घोटा मोडला, त्याच्या जागी आलेल्याचा पाय मोडला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पर्डी उतरला आणि जागा त्याचीच झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, होता. लान्सला त्याआधीच चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला दिलं होतं. कोच तोच, पद्धत तीच, रिसीव्हर तेच. घर चांगलं असूनही एकाचं जमलं नाही, कारण त्याला अजून शंभर चुका करायच्या राहिल्या होत्या आणि त्या करायला जागा नव्हती.

जागा का नसते? पैशाचं गणित. २०११ पासून नवख्यांचे करार ठरीव आणि स्वस्त झाले. चार वर्षं, आणि पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्याचा पर्याय. तो घ्यायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतरच ठरवावं लागतं. म्हणजे तीन वर्षांत निकाल. पेटन मॅनिंगनं १९९८ मध्ये पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन्स टाकले, संघ ३ जिंकला, १३ हरला. पुढच्या वर्षी १३-३. आज कोणी मालक ते पहिलं वर्ष शांतपणे बघेल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या चिरंजीवांच्या हिरोबद्दल. एका हंगामावर मी होय म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. त्यानं आणखी एक वर्ष कॉलेजात काढावं असं मला वाटतं, आणि आता तसं करणं परवडतंही. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. बो निक्स नावाचा क्वार्टरबॅक कॉलेजात मुख्य म्हणून ६१ सामने खेळून मग ड्राफ्टला गेला.

तोवर मुलाला एक काम द्या. हिरोनं हरलेले किंवा अटीतटीचे तीन सामने निवडायचे. फक्त तिसरा डाऊन आणि सात किंवा जास्त यार्ड हवे असलेले डाव बघायचे. पंचवीस-तीस निघतील. प्रत्येकासमोर लिहायचं: आधी कुणाकडे पाहिलं, शेवटी कुणाला दिला, आणि पाय पुढे गेले की मागे. ती वही मला पाठवा, मग बोलू.